मणक्याचं ऑपरेशन झालंय? मग खुर्ची बसून नाही, उठून बघा

माझं ऑपरेशन एल-४ एल-५ चं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांचं, फ्युजन, म्हणजे दोन मणके स्क्रू आणि रॉड टाकून जोडलेत. पाचव्या दिवशी डोंबिवलीला घरी आले आणि पहिलं काम काय केलं तर हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसले. तेरा वर्षांचा सोफा, मऊ मऊ, खिडकीकडचा कोपरा माझा ठरलेला. बसताना काहीच झालं नाही, उलट हुश्श वाटलं. पाच मिनिटांनी उठायला गेले तर उठताच येईना. गुडघे कमरेच्या वर गेलेले, पायात जोर येईना, हाताला धरायला काही नाही, आणि कमरेत वाकायचं नाही हे डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. नवऱ्याने दोन्ही हात धरून ओढायला घेतलं तशी मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू पोळपाट-लाटणं टाकून आल्या. त्यांनीच मग डायनिंगची खुर्ची पाठ माझ्याकडे करून समोर ठेवली, नवऱ्याला तिच्यावर बसवलं म्हणजे ती हलणार नाही, आणि त्या पाठीला धरून मी एकदाची उभी राहिले.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. खुर्ची असो, पलंग असो नाहीतर कमोड, बसल्यावर किती छान वाटतं हे बघूच नका, उठताना काय होतं ते बघा. बसायला मऊ लागणाऱ्या निम्म्या वस्तू या परीक्षेत नापास होतात.

आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. प्रत्येकाचं ऑपरेशन वेगळं असतं, नुसती गादी म्हणजे डिस्कचा तुकडा काढलेल्याला आणि फ्युजनवाल्याला वेगवेगळ्या सूचना असतात, मानेचं ऑपरेशन असेल तर अजून वेगळ्या. किती वेळ बसायचं, पट्टा कधी लावायचा, हे तुमचे सर्जन आणि फिजिओ सांगतील तेच खरं. मला पहिले काही आठवडे एका वेळी वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही असं सांगितलं होतं. म्हणजे बघा, दिवसातून पंधरा-वीस वेळा बसणं आणि तितक्याच वेळा उठणं! जे काही दुखायचं ते त्या उठण्यातच.

आता कामाचं. घरात मेजरिंग टेप नसेल तर शिवणकामाची टेप घ्या, आणि रोज घरात जी चप्पल घालता ती घालून उभे रहा. (ऑपरेशननंतर घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरू नका, टाइल्सवर पाय सटकला तर संपलं, आणि चप्पल मागून पट्टा असलेली हवी.) कुणालातरी गुडघ्याच्या मागच्या वळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा, स्वतः वाकून मोजू नका. माझं आलं साडेपंधरा इंच, मी पाच फूट एक इंच आहे. नवऱ्याचं अठरा. हा आकडा तुमचा पाया. तुमची सीट या आकड्याएवढी किंवा इंच-दोन इंच वर हवी, म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहते, पावलं पूर्ण टेकतात, आणि उठताना फक्त पुढे सरकून पायावर जोर द्यायचा असतो, पाठीला मध्ये घ्यावं लागत नाही. मला साडेसोळा-सतरा इंच बरोब्बर बसलं. नवऱ्याला तीच खुर्ची बुटकी पडली असती. म्हणून "माझ्या भावाने ही घेतली होती, एकदम बेस्ट आहे" यावर जाऊ नका, भाऊ सहा फुटी असू शकतो.

उंची मोजताना एक गफलत सगळेच करतात, रिकामी सीट मोजतात. फोमची सीट माणूस बसला की दोन-तीन इंच दबते. आमचा सोफा रिकामा सोळा इंच होता, मी बसल्यावर जेमतेम साडेबारा भरला, कारण फोम मेलेला. म्हणून कुणीतरी बसलेलं असताना, मांडीखालून मोजायचं.

दुसरं माप खोलीचं. म्हणजे सीट पुढून मागे किती. पाठ मागे पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जायला हवीत. हल्लीचे सोफे बावीस-चोवीस इंच खोल असतात, आपल्याकडच्या साधारण बाईला ते अजिबात होत नाही. मग होतं काय, पाठ टेकवायला मागे गेलात तर पाय लोंबकळतात आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते, कंबर गोल होते आणि माणूस घसरत घसरत अर्धा आडवा होतो. सोफा बदलायच्या भानगडीत न पडता मागे घट्ट उशी घालून खोली कमी करता येते, पण घट्ट, आतून कापूस गोळा झालेली कुशन नव्हे.

आणि तिसरी गोष्ट हात. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात हवेतच हवेत, आणि ते सीटच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत. पुष्कळ खुर्च्यांचे हात अर्ध्यातच संपतात, मग उठताना तळहात मागे पडतो आणि कंबर पिळली जाते. दोन्ही हातांवर सारखा जोर देऊन उठता आलं पाहिजे, एकाच बाजूला रेलून उठलं की पाठ वळते, आणि वाकणं, वळणं, उचलणं या तिन्हीला तर आपल्याला बंदी आहे.

आता या तीन मापांत घरातली काय काय वस्तू बसते ते बघा, बाजारात नंतर जा. माझ्याकडे शेवटी जिंकली ती कोण, तर गच्चीत पडलेली हातवाली प्लॅस्टिकची खुर्ची! हो, ती नीलकमल टाइपची, लग्नात मांडतात ती. सीट सतरा इंच, हात पुढपर्यंत, पाठ थोडी मागे कललेली, घट्ट, आणि हलकी असल्याने नवरा एका हाताने इकडून तिकडे नेऊ शकतो. मी वर दीड इंचाचा घट्ट फोम टाकून घेतला, त्याला चादरीचा कव्हर शिवला आणि खाली रबराची जाळीदार मॅट घातली म्हणजे फोम सरकत नाही. फक्त दोन गोष्टी बघा, खुर्चीच्या पायाला तडा गेलेला नको (गच्चीत उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं) आणि पाय ओल्या फरशीवर नकोत. मी खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवायचे.

घरातल्या ज्या वस्तूंना पहिले दोन-तीन महिने हात जोडायचे त्या म्हणजे बीन बॅग, चाकाची गोल फिरणारी ऑफिस खुर्ची (उठताना ती मागे पळते आणि तुम्ही खाली), मुडा (वेताचं बुटकं स्टूल), चौरंग, पाट, आणि झोपाळा. झोपाळ्याचं मला फार वाईट वाटलं पण हलत्या गोष्टीवरून उठणं शक्यच नाही. मामांनी प्रेमाने कोकणातून आजोबांची आरामखुर्ची पाठवायची तयारी केली होती, ती कापडाची, लांब हाताची. तिच्यात पडल्यावर स्वर्ग, पण बाहेर यायला दोन माणसं लागतात. नको म्हटलं. पाटाचा मात्र एक उपयोग झाला, सासूबाईंसाठी आणलेली खुर्ची मला जरा उंच होती तेव्हा पायाखाली देवघरातला जास्तीचा पाट ठेवायचे, पावलं टेकायची. उठायच्या आधी तो पायाने बाजूला सारायचा, नाहीतर त्याच्यावरच अडखळाल.

पाठ किती मागे कललेली हवी यावर घरात वाद झाला, सासरे म्हणे ताठ बसायचं, काटकोनात, शाळेत बसवतात तसं. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात चक्क जिवंत माणसांच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता, त्यात पुढे वाकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा बराच वाढलेला दिसला आणि पाठ मागे टेकून रेलल्यावर कमी झालेला. नंतर इतरांनी मोजलं तेव्हा नुसतं बसणं आणि उभं राहणं यातला फरक इतका मोठा निघाला नाही, पण पुढे वाकलं की दाब वाढतो हे कायम राहिलं. म्हणून थोडी मागे कललेली पाठ चांगली, पण इतकीही नाही की उठताना पोटाचा झटका देऊन पुढे यावं लागेल. कमरेच्या खोलगट भागाला आधार म्हणून विकतचं काही आणायच्या आधी हातरुमालाहून मोठा नॅपकिन गुंडाळून, दोन्ही टोकांना नाडीने बांधून बघा. टाके ताजे असताना मात्र तो जखमेवरच दाबला जातो, तेव्हा फिजिओला विचारून कधी आणि कुठे ठेवायचा ते ठरवा. माझा पहिले तीन आठवडे बंदच होता.

रिक्लायनर घ्यावा का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत, हँडलवाला असेल तर नाही. एकतर हँडल बाजूला खाली असतं, ते ओढायला वळावं लागतं, आणि पाय ठेवायची फळी बंद करायला टाचांनी जोरात खाली दाबावं लागतं, तो जोर सरळ कमरेत जातो. बटणावर चालणारा असेल आणि त्यातही सीट पुढे उचलून उभं करणारा असेल तर छानच, पण तो महाग, जड, आणि लाइट गेली की तुम्ही पाय वर करून अडकलेले. इन्व्हर्टरला जोडलाय का किंवा आत बॅटरी बॅकअप आहे का हे विचारा. आणि भाड्याने मिळतोय का ते आधी बघा, कारण तीन महिन्यांनी तुम्हाला काय हवं असेल ते आज कळत नाही. मी पहिल्या दीड महिन्यात एकही मोठी वस्तू विकत घेतली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

पलंगाचं सांगते, त्यात मी सगळ्यात जास्त चुका केल्या. नातेवाईक आले की प्रत्येकाचं ठरलेलं, "फळीवर झोप", "जमिनीवर चटई टाक". अहो, जमिनीवर झोपेन, पण उठू कशी? आणि कडक म्हणजे चांगलं हेही खरं नाही. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनचा एक अभ्यास आला होता, तीनशेच्या वर कंबरदुखीवाल्या माणसांना कडक आणि मध्यम कडक गाद्या दिल्या, तर मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. ती माणसं ऑपरेशनची नव्हती हे खरं, पण फळीचा आग्रह धरणाऱ्या काकांना ऐकवायला पुरतं. आमची कापसाची गादी मधे खड्डा पडलेली होती, ती पिंजाऱ्याकडे न देता मी काथ्याच्या गादीवर दोन इंचाचा फोम टाकला. एकावर एक दोन गाद्या टाकत असाल तर त्या एकमेकींवरून सरकतात, त्यांना चादरीने एकत्र घट्ट बांधा. आणि गादीची कड दाबून बघा, कारण उठताना तुम्ही मधे नाही, कडेवर बसता. कड दबली की सोफ्याचीच गत.

उठायची पद्धत हॉस्पिटलात शिकवतातच, गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाबाहेर सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देत वर यायचं, ओंडका लोळवतात तसं. यासाठी पलंगाच्या त्या बाजूला अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते. आमच्या वन बीएचकेत पलंग नेमका माझ्या बाजूने भिंतीला लागलेला, मग मी आणि नवऱ्याने बाजू बदलल्या, आणि सव्वीस वर्षांच्या लग्नात पहिल्यांदा त्याला भिंतीकडे झोपावं लागलं, त्याबद्दल तो अजून कुरकुरतो. बॉक्स पलंग असेल तर त्यातलं जे काही लागणार आहे (हिवाळ्याच्या रजया वगैरे) ते ऑपरेशनच्या आधीच बाहेर काढून ठेवा, ते झाकण तुम्ही बरेच महिने उचलायचं नाहीये.

आमचा पलंग गादीसकट चौदा इंच भरला. नवा घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार. मग नवऱ्याने कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. त्याने सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांचे चार ठोकळे केले, पाच बाय पाच इंच, उंची साडेतीन, आणि वरच्या बाजूला पलंगाचा पाय बरोबर बसेल अशी एक इंच खोल खोबण पाडली, म्हणजे उंची खरी वाढली अडीच इंच. मी विचारलं खोबण कशाला, तर म्हणाला ताई, नुसत्या ठोकळ्यावर पलंग ठेवला तर एक दिवस कडेला बसाल आणि पाय घसरून खाली येईल. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, फरशीवर सरकू नये म्हणून. चारशे रुपये घेतले. विटा लावणारे पुष्कळ बघितलेत, लावू नका. बॉक्स पलंगाला पाय नसतात, तिथे हे जमत नाही, तिथे जाड गादी टाकूनच उंची वाढवावी लागते.

हॉस्पिटलसारखा बेड भाड्याने आणायचा असेल तर सर्जिकल सामानाच्या दुकानात फाऊलर आणि सेमी फाऊलर असे मिळतात, महिन्याच्या भाड्यावर, डिपॉझिट घेऊन. फाऊलरला पाठ आणि गुडघे दोन्हीकडे वर होतं, सेमीला फक्त पाठ. तोही मोजल्याशिवाय आणू नका, पुष्कळदा उंची फिक्स असते आणि बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात. आणि हँडल फिरवायला कोणीतरी लागतं, ते पायथ्याशी खाली असतं.

संडास हा विषय लोक लाजून सोडून देतात आणि मग तिथेच अडकतात. भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायचं कमोड स्टूल किंवा कमोड चेअर आणाच, उकिडवं बसणं विसरा. कमोड असेल तर तोही बहुतेक पंधरा-सोळा इंचाचा असतो, उंच माणसाला कमीच. वरून बसवायची प्लॅस्टिकची उंच सीट मिळते, बाजूला क्लॅम्प किंवा स्क्रूने आवळता येणारी घ्या, नुसती वर ठेवायची नको. धरायचा दांडा भिंतीत ड्रिल मारून बसवून घ्या. ते व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे दिसायला सोपे असतात पण ओल्या टाइलवरून कधी निसटतील नेम नाही, आणि टॉवेल अडकवायचा रॉड हा धरायचा रॉड नव्हे. जेट स्प्रे मागे भिंतीला असेल तर तो घ्यायला वळावं लागतं, प्लंबरकडून लांब पाइप लावून पुढे आणा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी कळ आली तेव्हा समजलं.

लॅपटॉपवाल्यांनो, पलंगावर मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप हे करू नका, मान आणि कंबर दोन्ही जातात. मी इस्त्रीचं टेबल वापरलं! त्याची उंची कमी-जास्त होते, त्यामुळे बसून कंटाळा आला की वर करून उभ्याने काम. भिंतीला टेकवून ठेवा, डगमगतं.

आणि पाहुणे. बघायला येणारे चांगल्या मनाने येतात पण तासभर बसतात, आणि आपण भिडेपोटी त्यांच्यासमोर बसून राहतो. मी मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावायचे, वाजला की "मी जरा आडवी होते हं" म्हणून उठायचे.

दुकानात जायची वेळ आलीच तर तुम्ही लगेच जाऊ नका. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आम्हाला जवळ, पण तिथपर्यंतचे खड्डे आणि मग दुकानं फिरणं हे पहिल्या महिन्यात कुणाला झेपणार. नवऱ्याला टेप आणि चिठ्ठी देऊन पाठवलं, चिठ्ठीत लिहिलं होतं, सीट दबल्यावर सतरा, खोली सतरा, हात पुढपर्यंत, चाकं नकोत. दुकानदार "साहेब बसून तर बघा, काय मऊ आहे" म्हणत होता आणि आमचे हे हात न लावता पाच वेळा बसत-उठत होते. मग अडीच महिन्यांनी मी स्वतः गेले आणि खुर्ची पक्की केली. विकत घेताना बदलून देणार का हे बिलावर लिहून घ्या, आणि घरी आणल्यावर प्लॅस्टिक लगेच फाडू नका.

गाडीतून जाताना सीट मोठ्या गाडीची उंच बरी, छोट्या गाडीत खाली उतरून बसावं लागतं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली की आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवता येतात. निघायच्या आधी ती काढून टाका, ब्रेक लागला की त्याच पिशवीवरून घसराल.

हे सगळं करूनही पायात नव्याने कमजोरी आली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा वाटला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, पोटरी सुजून दुखायला लागली, तर खुर्ची बदलत बसू नका, ताबडतोब डॉक्टरांना फोन करा.

सातव्या महिन्यात माझे ठोकळे काढले. मधल्या काळात सोफाही पुन्हा भरून घेतला, आता तो दबल्यावर सोळा भरतो आणि खिडकीकडचा कोपरा परत माझा. ठोकळे शेजारच्या काकू घेऊन गेल्या, त्यांच्या जाऊबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. फक्त त्यांच्या पलंगाचे पाय गोल आहेत, तेव्हा सुताराकडून खोबण बदलून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलंय.